यादी करण्याआधी एकदा खुंट्यापाशी या

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पशुसंवर्धन खात्यात ३३ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. पहिली अकरा वर्षं साक्री तालुक्यात गेली, नंतरची आठ शिरपूरकडे आणि शेवटची चौदा यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात. माझ्याकडे पशुवैद्याची पदवी नाही, तरी लोक ‘ढोरांचे डॉक्टर’ म्हणायचे आणि अजूनही म्हणतात. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचल्या, पोटफुगीच्या गाई उठवल्या, अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या. कुत्री हा माझ्या कामाचा छोटा भाग होता. पण गावात कुत्र्याला दुसरा डॉक्टर नसतो, त्यामुळे रेबीजची सुई असो की गळ्याची जखम, बोलावणं मलाच यायचं.

धोकादायक जातीची कुत्री हद्दीत पाळायला बंदी घालावी, असा ठराव सभेपुढे आणायचा विचार तुमच्यापैकी काहीजण करत आहेत, असं कानावर आलं. त्यामागची काळजी खरी आहे. लहान मुलाच्या अंगावर कुत्रं गेल्याची चित्रफीत मोबाईलवर पाहिली की माझ्याही पोटात गोळा येतो. तरीही तुम्हाला हात जोडून विनंती आहे की जातींची यादी करू नका. त्या यादीने आपल्या भागातलं एकही पोर वाचणार नाही, असं मला का वाटतं ते जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, अशी यादी एकदा होऊन गेलेली आहे. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, परवाने देऊ नका, आणि लोकांनी आधीच पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. महिनाभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द ठरवलं. संबंधित लोकांचं म्हणणं न ऐकता हा निर्णय घेतला, हे त्यामागचं एक मुख्य कारण होतं. दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही, आणि मग सरकारने जनतेकडून हरकती-सूचना मागवल्या. केंद्राच्या पत्राची ही गत झाली, तर आपल्या नगरपालिकेच्या ठरावाचं काय होईल याचा अंदाज तुमच्या विधी सल्लागारांना असेलच.

पण मला न्यायालयापेक्षा त्या यादीबद्दलच बोलायचं आहे. मी ती ओळीओळीने वाचली. तोसा इनू नावाचं जपानी कुत्रं तिच्यात दोनदा आहे, एकदा तोसा इनू म्हणून आणि पुढे जपानी तोसा म्हणून. दक्षिण आफ्रिकेतलं बोअरबोलही दोनदा. एका ठिकाणी नुसतंच ‘टेरियर’ लिहिलंय. टेरियर म्हणजे पिटबुलही आणि तीन किलोचं, मांडीवर बसणारं यॉर्कशायरही. ज्याने ही यादी केली त्याने कुत्र्यांपुढे उभं राहून ती केलेली नाही, कुठून तरी उतरवून घेतली, असं ती वाचताना माझं मत झालं.

आणखी एका गोष्टीपाशी मी थबकलो. कांगल, अकबाश, शारप्लानिनात्स, तोर्न्याक, मध्य आशियाई आणि कॉकेशियन शेफर्ड ही नावं आपल्याला परकी वाटतात. ही सगळी मेंढपाळांची कुत्री आहेत. तुर्कस्तानात, बाल्कनच्या डोंगरांत, कॉकेशसमध्ये लांडग्यापासून कळप राखायला पिढ्यान् पिढ्या तयार केलेली. नावं परकी असली तरी त्यांचा धंदा मला ओळखीचा आहे. साक्रीला असताना तो मी जवळून बघितला आहे.

साक्री तालुक्यात मेंढपाळ ठेलारी समाज आहे हे धुळ्याकडच्या सदस्यांना सांगायला नको. पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन निघायचं, वावरावावरांत कळप बसवायचा, त्याबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि पुढचा पाऊस आला की परत. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आंत्रविषाराची लस घेऊन मी अशा एका वाड्यावर पहाटे पोहोचलो. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, लावलेली, आत दोन-अडीचशे मेंढ्या. मी वीस पावलांवर असेन, तोच एक राखाडी कुत्रं उठलं. ते भुंकलं नाही. माझ्या आणि मेंढ्यांच्या मधे आडवं उभं राहिलं आणि टक लावून बघत बसलं. मी डावीकडे सरकलो की ते डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे. पट्ट्याला बाहेरून खिळे ठोकलेले, बिबट्याने किंवा लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. मी म्हाताऱ्या बाबांना ओरडून म्हटलं, “बाबा, तुमचं कुत्रं आवरा.” ते चुलीपाशी बसल्या बसल्याच म्हणाले, “डॉक्टर, हाऊ कुत्रा मना नही, मेंढ्यास्ना शे. त्यास्ले इचारा.”

मग ते उठून आले, माझ्या दंडाला धरून मला त्या कुत्र्याजवळून आत नेलं. कुत्र्याने माझ्या पिशवीचा वास घेतला आणि जाऊन बसलं. दोन तास मी मेंढ्या धरून टोचत होतो, त्या ओरडत होत्या, पण ते जागचं हललं नाही. वाघरीच्या कोपऱ्यात कोकरांच्या अंगाला अंग लावून एक पिल्लू झोपलेलं होतं. बाबांनी सांगितलं, डोळे उघडून चालायला लागलं की आम्ही पिल्लू कोकरांत सोडतो, ते त्यांच्यातच वाढतं, मग त्याला मेंढी आपली वाटते आणि राखायचं कुणापासून ते त्याचं त्याला कळतं. पुढे प्रशिक्षणाला गेलो तेव्हा पुस्तकात तेच सापडलं. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला जे दिसतं, ज्याचा वास येतो, ज्याचा हात लागतो, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. त्या दिवसांत ज्याने माणसंच पाहिली नाहीत त्याला पुढे माणसाची भीती वाटते. आणि जे कुत्रं भितं तेच चावतं, हे तर आपल्या गावातला पोरही जाणतो.

त्या राखाडी कुत्र्याएवढं ताकदवान कुत्रं मी पुढे फारसं पाहिलं नाही. त्याने मनात आणलं असतं तर मी आज हे पत्र लिहायला नसतो. पण वाड्यावर पाच-सहा लेकरं होती. ती त्याच्या अंगावरून उड्या मारत होती.

आता यावल-रावेरकडची गोष्ट. ही मी इतकी वर्षं कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

एका मोठ्या बागाईतदारांच्या केळीत रॉटवायलर होतं. नाव शेरू. मालकांनी ते तीस-पस्तीस दिवसांचं असताना वीस हजारांना विकत आणलं होतं. ठिबकच्या नळ्या आणि केबल चोरीला जायच्या, म्हणून मळ्यावर दांडगं कुत्रं पाहिजे होतं. पिल्लू असताना दोन महिने ते गावातल्या घरी होतं, मग अंगाने भरलं तसं मळ्यातल्या पंपघराशेजारी आलं आणि लोखंडी खुंट्याला बांधलं गेलं. साखळी जेमतेम सहा फूट. मी त्याला पाहिलं तेव्हा ते दीड वर्षाचं होतं आणि त्यातले चौदा महिने त्या खुंट्याला होतं. साखळी जिथवर पोहोचते तेवढ्या गोलात गवताची काडी नव्हती. जमीन तुडवून तुडवून खळ्यासारखी टणक झाली होती. गोलाच्या कडेला पाण्याची घमेली होती. ओढाताणीत ती उपडी झाली की सालदार परत येईपर्यंत तशीच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि ते काळं कुत्रं पत्र्याच्या सावलीत होतं.

मला बोलावलं होतं ते गळ्याच्या जखमेसाठी. गळ्यात पट्टा नव्हताच, साखळीच गुंडाळून तिला कुलूप घातलं होतं. कुत्रं वाढलं, साखळी तेवढीच राहिली. खालची कातडी सोलली होती आणि जखमेत किडे पडले होते. सालदाराने त्याचं तोंड धरलं, मी टर्पेंटाइनचा बोळा घातला, किडे काढले, मलम लावलं. कुत्रं थरथरत होतं, पण चावलं नाही. निघताना मी मालकांना म्हणालो, “साखळी जरा सैल ठेवा भाऊ.” एवढंच म्हणालो. ते मोठे माणूस होते, मी तालुक्याचा साधा कर्मचारी. त्या गोलाबद्दल, घमेल्याबद्दल, चौदा महिन्यांबद्दल जे बोलायला हवं होतं ते माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी गिळलं.

तीन महिन्यांनी त्याच कुत्र्याने सालदाराच्या सहा वर्षांच्या मुलीचा हात फाडला. ती रोज संध्याकाळी उरलेली भाकर त्याला टाकायची. त्या दिवशी तुकडा गोलाच्या आत पण त्याच्या तोंडापासून लांब पडला, तो उचलून द्यायला ती आत गेली. कोपरापासून मनगटापर्यंत. बापाने तिला मोटरसायकलवर पुढ्यात घेऊन जवळचा सरकारी दवाखाना गाठला. तिथे लस होती, पण एवढ्या खोल जखमेत भरायचं सीरम नव्हतं. पन्नास किलोमीटरवर जा म्हणाले. रात्री अकराला तिला ते मिळालं.

मी दुसऱ्या दिवशी मळ्यावर गेलो आणि सांगितलं की कुत्र्याला काही करू नका, दहा दिवस बांधून नजर ठेवा. चावणारं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं, त्या आईबापाच्या जिवाचा घोर कमी होतो. चौथ्या दिवशी खुंटा रिकामा होता. मालकांनी त्याला जीपमध्ये घालून सातपुड्याच्या पायथ्याला सोडून दिलं होतं. म्हणजे तिच्या आईला उत्तर मिळायचा रस्ताच बंद झाला. मुलीने सगळ्या सुया घेतल्या. ती आज बरी आहे, पण त्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. आणि ते कुत्रं तिकडे आणखी कुणाच्या अंगावर गेलं की बिबट्याने नेलं, ते कुणालाच ठाऊक नाही.

या सगळ्यात दवाखान्याच्या कागदावर कुत्र्याबद्दल एकच शब्द उमटला, ‘पाळीव’. चौदा महिने बांधलेलं, गळ्याला जखम असलेलं, यातलं काही कुठे लिहिलं गेलं नाही. लिहायला रकानाच नव्हता.

तुमचा ठराव तेव्हा असता तर काय झालं असतं, याचा मी खूप विचार केला. रॉटवायलर यादीत आहे, म्हणजे मालकांनी ते आणलं नसतं, असं तुम्ही म्हणाल. पण शेरू गेल्यावर पंधरा दिवसांत मालकांनी दुसरं पिल्लू आणलं. जर्मन शेफर्ड. ते त्या २३ मध्ये नाही. त्याला तोच खुंटा आणि तीच साखळी.

अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत कुत्र्याच्या हल्ल्यात २५६ माणसं मेली. तिथल्या पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २०१३ साली त्या प्रत्येक मृत्यूचा अभ्यास छापून आला. शंभरातल्या ७६ प्रकरणांत कुत्रं घरातल्या माणसांत मिसळून वाढलेलं नव्हतं, साखळीला, कुंपणात किंवा पिंजऱ्यात, माणसांपासून वेगळं ठेवलेलं होतं. शंभरातल्या ८४ मध्ये नसबंदी केलेली नव्हती. ८७ मध्ये सोडवायला जवळ कुणी धडधाकट माणूस नव्हता. आणि कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली अशी प्रकरणं शंभरात १८ सुद्धा नव्हती. हे आकडे मी वाचले तेव्हा मला ते पंपघर दिसलं. सातासमुद्रापलीकडची माणसं आमच्या मळ्याची गोष्ट लिहितायत असं वाटलं.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी टाळत नाही. पिटबुल किंवा रॉटवायलर चावलं तर जखम भयंकर होते, पामेरियन चावलं तर तशी होत नाही. अमेरिकेतल्याच १९७९ ते १९९८ च्या जुन्या नोंदींत २३८ मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक या दोन प्रकारच्या कुत्र्यांच्या नावावर आहेत. लखनौला जुलै २०२२ मध्ये ८२ वर्षांच्या आजीबाईंचा जीव घरच्याच पिटबुलने घेतला, आणि त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने तीन जातींवर बंदी आणली. ताकद ही खरी गोष्ट आहे. जबडा मोठा असेल तर मालकावरची बंधनंही मोठी हवीत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. चाळीस किलोचं कुत्रं घेऊन बाजारातून निघालात तर दोरी हातात आणि मुसकं तोंडाला, यात कुणाला सवलत नको, आणि मग त्याची जात काहीही असो.

बैलाच्या बाबतीत आपण हे पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. बैल कुत्र्याहून कितीतरी दांडगा. बैलाने पोटात शिंग घातल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे, लिहिणार नाही. आपलं खिल्लार तर तापट म्हणून प्रसिद्धच, तापीकाठचं पांढरंशुभ्र खिल्लारही त्याला अपवाद नाही. पण खिल्लार पाळायला बंदी करा, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. आपण म्हणतो, अमक्याचा बैल मारका आहे. त्या एका बैलाला गाव ओळखतं. मालकाला पारावर सुनावलं जातं, पोळ्याला तो बैल मिरवणुकीत आणू देत नाहीत, वेसण धरल्याशिवाय रस्त्याने नेला तर बाया मालकाला उभ्या रस्त्यात बोलतात. आणि बैल मारका का झाला हेही गावाला ठाऊक असतं, पराणी टोचणारा कोण होता ते नावानिशी सांगतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस जात विचारतो, दात बघतो, चाल बघतो, पण पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारतो, काही खोड आहे का? जात सांगून तिथे भागत नाही, खोड सांगावी लागते. एवढं जनावर कळणाऱ्या मुलखाने कुत्र्याच्या बाबतीत मात्र जन्म बघून निकाल द्यावा, याचं मला वाईट वाटतं.

आणि जात ओळखणार कोण, हाही प्रश्न आहेच. तुमच्या आरोग्य निरीक्षकाला अमेरिकन बुलडॉग आणि गावठी-बॉक्सरचं पिल्लू वेगळं काढता येईल का? मलाच येणार नाही. आपल्याकडची निम्मी ‘रॉटवायलर’ काळी-तांबडी गावठी संकरित आहेत, विकणारा तोंडाने जे म्हणेल ते. सन २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचा आणि अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यातला शंभरातला नऊ एवढाच वाटा जातीने समजतो, असं त्यात निघालं.

इंग्लंडने १९९१ मध्ये कायदा करून चार जाती बंद केल्या. लोकांनी पाचवी आणली, बुली एक्सएल. ती माणसं मारायला लागली तेव्हा २०२३ च्या अखेरीस तिलाही यादीत घ्यावं लागलं. हॉलंडने १९९३ ची पिटबुलबंदी २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने १९८९ ची बंदी ३१ वर्षांनी, २०२० मध्ये, मतदान घेऊन बदलली आणि परवान्याची पद्धत आणली. या मंडळींनी तीस-तीस वर्षं खर्चून जे शिकलं ते आपल्याला फुकट मिळतंय.

आता आपल्या पुढ्यातला प्रश्न. देशात २०२४ या एका वर्षात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर नोंदी झाल्या. कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात रेबीजच्या सुईच्या रांगेत जाऊन उभे राहा आणि विचारा. कुणाला बसस्टँडवरचं चावलेलं असतं, कुणाला शेजाऱ्याचं, कुणाला स्वतःचंच, पिल्लांजवळ गेलं म्हणून. त्या यादीतलं केन कोर्सो किंवा दोगो अर्जेंटिनो चावलेला माणूस ३३ वर्षांत मला भेटला नाही. ज्या कुत्र्यांवर ठराव करायला आपण निघालोय ती आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकी. आणि ज्यांच्यामुळे रांग लागते त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी तुमच्यावरच, स्थानिक संस्थांवर, टाकलेली आहे. मोकाट कुत्र्यांचं काय करायचं यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बरेच आदेश दिले, शाळा, दवाखाने, बसस्थानकांचं आवार मोकळं करायलाही सांगितलं. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. इथे एवढंच म्हणतो की शंभरातल्या ७० कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचं गणित आहे. शेजारच्या गोव्याने गाडी घेऊन गल्लीगल्लीत फिरून ते केलं आणि २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. ७० टक्के लस टोचताना कुत्र्याची जात विचारावी लागत नाही.

मला तुमच्याकडून ठराव हवा आहे, पण दुसरा. आधी एक वही सुरू करा. चाव्याची वही. दवाखान्यात चावलेला माणूस आला की त्या दिवशी तुमचा माणूस जाऊन लिहील: कुत्रं कुणाचं, वय किती, बांधलेलं की मोकळं, बांधलेलं असेल तर किती दिवसांपासून, लस कधी टोचली, आधी कुणाला चावलंय का, चावलं तेव्हा जवळ कोण होतं. जात लिहा हवी तर, तोही एक रकाना असू द्या. आणि ती वही महिन्याला एकदा आमच्या खात्याच्या दवाखान्याने आणि माणसांच्या दवाखान्याने एकत्र बसून वाचावी. आज आमचा दवाखाना गावाच्या या टोकाला, त्यांचा त्या टोकाला, आणि चाव्याचा अर्धा कागद इकडे, अर्धा तिकडे. ही वही सहा महिने चालली की कुठल्या गल्लीत, कुठल्या मळ्यावर, कुणाच्या दारात पुढचा चावा होणार आहे ते तुम्हाला आधी दिसेल. शेरूचा चावा मला तीन महिने आधी दिसला होता. फक्त तो लिहायला जागा नव्हती, आणि माझ्यात बोलायचं धैर्य नव्हतं.

दुसरं, कायमची साखळी बंद करा. रात्री चोरासाठी बांधा, पाहुणे आले तर बांधा, पण दिवसातले काही तास कुत्रं मोकळं, माणसांत, असलंच पाहिजे. पट्टा रुंद, साखळीला फिरकी, पाणी तोंड पोहोचेल असं. मळ्यावरचं कुत्रंही यात धरा. चोरांसाठी कुत्रं ठेवणं शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि चोराला मोकळं, चांगलं खाल्लेलं, माणूस ओळखणारं कुत्रंच आवरतं. बांधलेलं नुसतं भुंकतं, आणि सालदाराच्या लेकीला चावतं.

विकणाऱ्यांकडेही बघा. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ पासून आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादीकडून आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं घेता येत नाहीत. शेरू आईपासून पस्तिसाव्या दिवशी तोडलेला होता. त्याला विकणाऱ्याला कुणी विचारलं नाही. आपल्या शहरांत मोबाईलवर पिल्लांचे फोटो टाकून विकणारे किती आहेत ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. त्यांच्याकडे एकदा नोंदणीचा कागद मागा.

आणि मालकाला शिक्षा होऊ द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावर निष्काळजीपणे ठेवून दुसऱ्याच्या जिवाला धोका करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. सालदार मालकाविरुद्ध तक्रार द्यायला जाणार नाही, त्याचं सालच जाईल. म्हणून ती तक्रार ग्रामपंचायतीने स्वतः द्यावी, वहीतल्या नोंदीवरून. यासाठी नवा कायदा नको, तुमच्या शिक्क्याची गरज आहे.

केंद्राचं पत्र आलं तेव्हा मला आठवड्यात बारा-तेरा फोन आले. “साहेब, आमच्या कुत्र्याला सरकार नेणार का?” एका बाईंचा मुलगा रडत होता, त्यांच्याकडे सात वर्षांची रॉटवायलर मादी होती. आणि त्याच दिवसांत महामार्गावर एका बंद ढाब्याच्या खांबाला पट्ट्यासह बांधून सोडलेलं कुत्रं मला पाहायला बोलावलं. चांगलं राखलेलं, नखं कापलेली, सोबत अर्धी पिशवी खाऊ ठेवलेला. भीतीने सोडून दिलं होतं कुणीतरी. यादीचा पहिला परिणाम मी पाहिला तो हा, जे नीट ठेवत होते तेच घाबरले. मळ्यावरच्या खुंट्यांपर्यंत ती बातमीसुद्धा पोहोचली नाही.

गेल्या महिन्यात मी त्या बागेत गेलो होतो. जर्मन शेफर्ड आता पाच वर्षांचं आहे. तोच गोल, तीच टणक जमीन. या वेळी मी मालकांना सगळं बोललो, शेरूच्या जखमेपासून मुलीच्या बोटांपर्यंत. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “बघू, डॉक्टर.” मी पट्टा आणि फिरकीची बारा फुटी साखळी सोबत नेली होती, ती तिथेच बसून बदलून आलो. पट्टा घालताना कुत्रं माझ्यावर गुरगुरलं. सालदार आता दुसरा आहे. त्यालाही चार वर्षांचा मुलगा आहे.

ठरावावर मत देण्याआधी तुमच्यापैकी दोघातिघांनी माझ्यासोबत त्या मळ्यावर यावं. मालकांना मी विचारून ठेवलं आहे, ते नाही म्हणाले नाहीत. गाडीची सोय मी करतो. ऊन चढायच्या आत, सकाळी सातला निघू.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
यावल तालुका, जि. जळगाव